संगणकातली खतावणी आणि ट्रंकेतल्या पावत्या

खरिपाला बियाणे, खत, औषध उधारीवर न्यायचे आणि कापसाचे दोन वेचे विकले गेले की दुकानाची बाकी फेडायची, ही आमच्या भागातली जुनी रीत. पूर्वी ही सारी उधारी लाल कापडाच्या लांबट वहीत असे. दुकानदार वही उघडून बोटाने ओळ दाखवी, आपण पैसे मोजले की त्या ओळीपुढे 'जमा' लिही. ज्याला अक्षर येत नसे तोदेखील आपले पान ओळखून असे. आता मोठ्या गावांतल्या कृषी सेवा केंद्रांतून ती वही गेली आणि तिच्या जागी संगणक बसला. पाडव्याला पूजा अजून वहीचीच होते, पण तिच्यात पहिल्या पानावरच्या 'श्री'खेरीज काही नसते. खरा हिशोब संगणकाच्या पोटात.

मी लग्नाआधी बी.कॉम. झाले. घरची शेती आणि दोन म्हशी सांभाळून गेली अठरा वर्षे आजूबाजूच्या चार-पाच दुकानांचे हिशोब पाहते. त्यामुळे कुणाची फाईल बिघडली की मला बोलावणे येते. या कामात जे पाहिले ते शेतकरी घरांनी का ऐकावे, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. फाईल दुकानदाराची असते, पण तिच्यातली बाकी आपल्या नावावर असते.

फाईल बिघडते म्हणजे काय होते, ते आधी सांगते. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत टॅली नावाचे सॉफ्टवेअर असते. १९८६ साली बंगळूरला ते निघाले. श्यामसुंदर गोएंका या व्यापाऱ्याला स्वतःच्या धंद्याचा हिशोब ठेवायला मनासारखे काही मिळेना, म्हणून त्यांचा मुलगा भरत याने ते तयार केले. हिशोबाची पद्धत मात्र आपली जुनीच. जुना मुनीम आधी रोजकीर्दीत ओळ लिही, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर ती उतरवी, शिवाय मालाच्या वहीत पोती कमी करी. तीन ठिकाणी लिहायला त्याला पाच मिनिटे लागत. संगणक हेच काम डोळ्याची पापणी लवण्याआधी करतो. आता समजा, मुनिमाने रोजकीर्द लिहिली आणि खतावणी उघडायच्या आत कंदील विझला. एक वही एक सांगेल, दुसरी दुसरेच. मुनीम माणूस होता, दिवा लावून तो पुढची ओळ लिही. संगणकाला वीज आल्यावर तेवढी आठवण राहतेच असे नाही. अर्धवट लिहिलेले पान त्याला वाचता येत नाही, आणि एक पान वाचता आले नाही की कधी कधी तो सारी वहीच उघडायचे नाकारतो.

खेड्यात या बिघाडाचे पहिले कारण वीज. दुकानात यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते आणि वीज जाईपर्यंत ते कुणाला कळत नाही. दुसरे कारण संगणकाची जुनी झालेली हार्ड डिस्क. तिसरे कारण असे की, काही लोक हिशोबाची फाईल पेनड्राइव्हवरच ठेवतात आणि काम संपताच तो उपसून खिशात घालतात. व्हायरसचा नंबर त्यानंतर. लोक मात्र सगळे खापर व्हायरसवर फोडतात.

२०२१ च्या डिसेंबरात माझ्या चुलत दिरांच्या दुकानात असाच प्रसंग आला. घरात लग्न होते, म्हणून तीन-चार दिवसांच्या पावत्या साठल्या होत्या. १४ तारखेला संध्याकाळी दुकानातला मुलगा त्या भरायला बसला. वीज गेली. यूपीएसने एक शिट्टी मारली आणि तोही गप्प झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला, "वहिनी, फाईल उघडंना. नुसतं एरर म्हणतंय. वसुलीचे दिवस आहेत, या लवकर."

मी गेले तेव्हा शेजारच्या मोबाईलवाल्याने सुचवलेले दोन उपाय मुलगा करून पाहण्याच्या बेतात होता. त्याला थांबवले. बिघडलेल्या फाईलला आहे तशी हात लावायचा नाही, आधी तिची नक्कल करायची. टॅलीचा सारा हिशोब एका फोल्डरमध्ये असतो. तो सबंध फोल्डर मी दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि एक पिशवीत टाकला. दुरुस्ती करायची ती नकलेवर. डॉक्टर एका औषधाने गुण आला नाही तर दुसरे देतो, पण रोगी जिवंत असला तरच.

दुरुस्तीची सोय सॉफ्टवेअरमध्येच असते. टॅली ईआरपी ९ मध्ये कंट्रोल, आल्ट आणि आर ही तीन बटणे एकदम दाबून 'रीराइट' करीत. आताच्या टॅलीप्राइममध्ये 'डेटा' या यादीत 'रिपेअर' असे नाव दिसते. नाव काहीही असो, काम एकच. संगणक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जातो, जे वाचता येते ते नव्या वहीत सुवाच्य उतरवतो, आणि जे वाचता येत नाही ते सोडून देतो. हे शेवटचे वाक्य कुणी लक्षात घेत नाही. हरवलेली नोंद तो कुठून परत आणणार? जे उरले आहे ते तो नीट लावतो, एवढेच. ही गोष्ट मी प्रत्येक दुकानात सांगते आणि प्रत्येक दुकानात लोक फाईल उघडल्याच्या आनंदात ती विसरतात.

त्या दिवशीही तसेच झाले. दुपारी बारापर्यंत फाईल उघडली. तेरीज काढली, दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळल्या. भाऊजींनी चहा मागवला. मी म्हटले, "तपासणी होईपर्यंत बाकीची यादी काढू नका." पण वसुलीचे दिवस, सोयाबीनचे पैसे लोकांच्या हातात येऊन गेलेले, कापसाचे येत होते. मी हिशोबात डोके घालून बसले होते तेवढ्यात मुलाने यादी छापली आणि दुकानाच्या पायरीवर बसून फोन लावायला सुरुवात केली.

तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असे शाळेत शिकवतात. बिघडलेल्या फाईलच्या बाबतीत ते खरे नाही. प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा. सबंध नोंद नाहीशी झाली तर दोन्ही बाजू एकदमच जातात. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखेच माप उचलले तर काटा मध्येच राहतो. म्हणून दुरुस्तीनंतर मी तेरजेकडे फारसे पाहत नाही, आधी रोकड पाहते. त्या दिवशी संगणक म्हणत होता की गल्ल्यात उणे ४१,३०० रुपये आहेत. आता रिकामा गल्ला मी पुष्कळ पाहिला आहे, पण रिकाम्यापेक्षाही कमी गल्ला जगात नसतो. प्रत्यक्षात भाऊजींनी माझ्यासमोर मोजले ते ५२,७५० रुपये होते. म्हणजे ९४,०५० रुपयांची रोख आवक संगणकातून पुसली गेली होती. बँकेत भरणा केल्याची नोंद राहिली आणि ते पैसे ज्यांनी आणून दिले त्यांच्या नोंदी गेल्या, म्हणून हा उणे आकडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आल्या. वय पस्तिशीचे असेल. त्यांचा नवरा त्याच वर्षी श्रावणात गेला होता. दोन एकर कापूस त्यांनी एकटीने वेचून विकला होता. आदल्या दिवशी दुकानातून त्यांना फोन गेला होता की तुमची १४,६०० रुपये बाकी आहे, ती भरल्याशिवाय पुढे उधार मिळणार नाही. त्या दुकानात शिरल्या त्या उभ्याच राहिल्या.

"दादा, मी पैसे भरले. हिशोब आधी आमचे मालक बघायचे, पण हे पैसे मी माझ्या हातानं मोजून दिलेत," असे म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावत्यांची चळत काढली. वरचीच पावती १२ डिसेंबरची होती. क्रमांक ११८७, रक्कम १४,६००.

मुलाने संगणकात ११८७ क्रमांक काढला. तो दुसऱ्या गावच्या एका शेतकऱ्याच्या नावावर होता, तारीख १३, रक्कमही वेगळी. मुलाने भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी पावती उजेडाकडे धरली. कुणी काही बोलले नाही, पण दुकानात चार गिऱ्हाइके होती आणि त्या बाईंचा चेहरा उतरला. पावती खोटी आहे, हा शब्द कुणी उच्चारावा लागत नाही.

मला ती गोष्ट कळायला वेळ लागला नाही, कारण असे मी आधीही पाहिले होते. पावती हाताने फाडत, आणि संध्याकाळी संगणकात भरताना क्रमांक आपोआप पडे. पुस्तकातला आणि संगणकातला क्रमांक एकच चालावा अशी मांडणी होती. पण आपोआप पडणाऱ्या क्रमांकांची एक खोड असते. मधल्या नोंदी नाहीशा झाल्या की पुढच्या नोंदी वर सरकतात, रांगेतली माणसे निघून गेल्यावर मागची पुढे येतात तशा. मोकळी जागा राहत नाही, म्हणून काही हरवले आहे असा संशयही येत नाही. मी पावतीपुस्तक मागितले. ११८७ ची कार्बनची प्रत जागेवर होती, त्याच बाईंचे नाव, तीच रक्कम, खाली त्या मुलाचीच सही. मुलगा ओशाळला. भाऊजी खुर्चीवरून उठले आणि बाईंना बसायला सांगितले. चहा परत मागवला गेला, पण त्यांनी तो घेतला नाही.

मग ते सबंध पावतीपुस्तक मी पानापानाने लावले. ११ ते १४ तारखांच्या रोखीच्या एकवीस पावत्या संगणकात नव्हत्या, त्यांची बेरीज बरोबर ९४,०५०. मोबाईलवरून यूपीआयने आलेल्या चार रकमाही नव्हत्या, त्या बँकेच्या उताऱ्यावरून सापडल्या. पंचवीस घरे. त्यांपैकी किती जणांना फोन गेले होते, ते मी मुलाला विचारले. सोळा. त्यातल्या किती जणांकडे पावती सापडली असती, हा प्रश्न मी विचारला नाही. मला आमच्याच वाड्यातले पावत्या चुलीवरच्या फळीत खोचून ठेवणारे लोक माहीत आहेत.

इथे कुणी म्हणेल, सरकारकडे सगळी नोंद असतेच की. असते, पण आपल्या कामाची नसते. दुकानदाराने कंपनीकडून घेतलेला माल जीएसटीच्या पोर्टलवर बिलवार दिसतो. गेलेली खरेदी त्यावरून मी पुन्हा भरली. पण दुकानदाराने शेतकऱ्याला विकलेला माल तिथे करदरानुसार एकगठ्ठा आकड्यात जातो, त्यात तुमचे-माझे नाव नसते. खताचे म्हणाल तर २०१८ पासून देशभर खत अंगठा लावून पॉस मशीनवर मिळते. कुणी किती पोती नेली ते त्या यंत्रात राहते, पैसे रोख दिले की उधार ठेवले, ते मात्र राहत नाही. बियाण्यावर जीएसटीच नाही. म्हणजे उधारी किती आणि फेड किती, याला पुरावा दोनच: दुकानातली कार्बनची प्रत आणि घरातली पावती.

आता दुरुस्त केलेल्या फाईलमध्ये या पंचवीस नोंदी घालून काम भागले असते. मुलाचे तेच म्हणणे होते. माझे मत निराळे पडले. जी फाईल एकदा वाचता आली नाही तिच्यात आणखी काय निसटले आहे, ते आज दिसत नाही. उंदराने कुरतडलेले पोते शिवून वापरता येते, पण बियाणे त्यात कुणी ठेवत नाही. भाऊजींच्या घरच्या कपाटात ३ डिसेंबरची राखीव प्रत होती. ती मी वेगळ्या फोल्डरमध्ये उघडली. वेगळ्या फोल्डरमध्ये, हे महत्त्वाचे, कारण जुनी प्रत चालू हिशोबावरच उघडली तर जे उरले आहे तेही तिच्याखाली गाडले जाते. मग ४ तारखेपासूनची प्रत्येक पावती, प्रत्येक बिल, बँकेची प्रत्येक ओळ नव्याने भरली. तीन रात्री लागल्या. दुरुस्त झालेली फाईल बाजूला उघडी ठेवून तिच्याशी ताडून पाहत गेलो, आणि आणखी एक गोष्ट उघडी पडली. उधारीची नऊ बिलेही गेली होती, एकूण ६८,४०० रुपयांची. हे दुरुस्त फाईलच्या रोकडीत दिसले नसते, कारण उधार बिलात रोकड हलतच नाही.

त्या नऊपैकी सात बिलांवर शेतकऱ्यांच्या सह्या असलेल्या प्रती सापडल्या. दोन सापडल्या नाहीत. एका शेतकऱ्याने फोन केल्याबरोबर सांगितले, "हो, दोन बॅगा गव्हाचं बी आणि औषध नेलं होतं, लिहून घ्या." दुसरा म्हणाला, आठवत नाही. भाऊजींनी ती रक्कम सोडून दिली. ज्या दुकानाने सोळा घरांना भरलेल्या पैशासाठी फोन केले, त्याने एका न आठवणाऱ्या माणसाशी भांडू नये, असे माझे मत होते, आणि मी ते बोलून दाखवले. भाऊजींना ते आवडले नाही, पण त्यांनी ऐकले. त्या सोळा घरांना त्यांनी स्वतः फोन केले, मुलाकडून करवले नाहीत. पावती क्रमांक ११८७ च्या घरी ते मोटारसायकलवर जाऊन आले.

दुकाने आली तशा गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्याही आल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण त्यांचे सभासद असतील. या कंपन्यांना दुकानापेक्षा कडक नियम आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहिला पाहिजे आणि तो माग बंद करता येता कामा नये. हिशोबाची राखीव प्रतही रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. वार्षिक सभेत वडे खाऊन परतण्याआधी एवढे विचारावे: रोजची प्रत कुठे जाते, आणि ती उघडते का, हे शेवटचे कधी पाहिले? विकास सोसायट्यांचेही हिशोब संगणकावर जात आहेत. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांसाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सोसायटीची वही आपण जन्मभर पाहिली आहे. ती बंद होऊन कपाटात जाण्याआधी आपल्या खात्याची शेवटची बाकी सचिवाच्या सहीने लिहून घेतलेली बरी.

दुकान चालवणारी घरेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. राखीव प्रत त्याच संगणकात ठेवली तर ती राखीव नव्हे. घर जळाले की कोठीतले बियाणेही जळते. दोन पेनड्राइव्ह घ्यावेत, एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि त्या दिवशीचा पेनड्राइव्ह जेवणाच्या डब्याबरोबर घरी न्यावा. महिनाअखेरची प्रत निराळी ठेवावी, तिच्यावर दुसरी उतरवू नये, कारण बिघाड कधी कधी पंधरा दिवसांनी कळतो आणि तोवर रोजच्या प्रतीतही तो गेलेला असतो. महिन्यातून एकदा प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून पाहावी. डिस्क टकटक आवाज करू लागली तर दुरुस्तीच्या नादी न लागता आधी नक्कल बाहेर काढावी. इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्या तरी नंबरला फोन करून आपला संगणक परक्याच्या हाती देऊ नये. फाईल दुरुस्त करतो म्हणून बँकेचा ओटीपी मागणारे लोक आहेत, आणि घाबरलेला माणूस तो देतोही.

बाकी आपल्या घरचे. पैसे दिले की पावती घ्यावी, उद्या देतो म्हणाले तर दहा मिनिटे थांबावे. त्यावर तारीख, क्रमांक, अक्षरी रक्कम आणि सही आहे का, ते शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे, म्हणजे तिलाही घरचा व्यवहार कळतो. आता पुष्कळ ठिकाणी यंत्रातून गुळगुळीत कागदाची चिठ्ठी मिळते. तो कागद उन्हाने, चुलीच्या धगीने पांढरा पडतो आणि वर्षभरात त्यावर काही उरत नाही. तशा चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढावा किंवा झेरॉक्स काढून ट्रंकेत ठेवावी. मोबाईलवरून पैसे पाठवले असतील तरी दुकानाची पावती मागावीच. मोबाईल सांगतो पैसे गेले, कुठल्या बाकीत जमा झाले ते सांगत नाही. आणि वर्षातून दोनदा, खरिपाची उचल करण्याआधी आणि सारी फेड झाल्यावर, आपल्या खात्याचा उतारा छापून मागावा. दुकानदाराला त्याला एक कागद लागतो. घरातल्या कर्त्या माणसाखेरीज आणखी एकाला तरी या पावत्या कुठे आहेत ते ठाऊक असावे. त्या बाईंना ठाऊक होते, कारण नवरा दवाखान्यात असताना औषधाची बिलेही त्याच पिशवीत ठेवायची सवय त्यांना लागली होती.

भाऊजींनी २०२२ च्या खरिपाआधी यूपीएसची बॅटरी बदलली आणि पावतीपुस्तके नव्याने छापून घेतली. आता पावतीवर 'मागील बाकी' आणि 'उरलेली बाकी' असे दोन रकाने जास्त आहेत. संगणकातला क्रमांक आपोआप पडत नाही, पुस्तकातला पाहून हाताने घालावा लागतो. मुलाची तक्रार आहे की त्यात वेळ जातो.